अठरावं नाव

ख्रिसमसच्या रात्री, मॅच संपून दहा मिनिटंही झाली नसतील, शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात आला. अंगात डेट्रॉईट लायन्सची, आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, निळी जर्सी, पायात ओले बूट. एरवी बूट काढल्याशिवाय तो पाऊल आत टाकत नाही. त्याची आजी नाशिकहून येऊन सहा महिने राहिली होती, तिने लावलेली सवय आहे ती. त्या दिवशी तो तसाच आला, ओट्याला टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुला माहीत होतं ना?"

मिनेसोटाने लायन्सना २३-१० हरवलं होतं आणि २०२५ च्या सीझनमधला आमचा प्लेऑफचा, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीचा, रस्ता बंद झाला होता. तो चिडला असता, रडला असता, तर मला काहीतरी करता आलं असतं. गरम दूध दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. पुढचं दिसणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत होता. मी काहीच बोललो नाही. फरशीवर त्याच्या बुटांचं पाणी पसरत होतं ते बघत राहिलो. ते न बोलणं मला अजून टोचतं आहे.

त्याला जे "माहीत होतं" वाटत होतं, ते आमच्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं एक पिवळं पान. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायच्या आमच्या सबमध्ये, म्हणजे वसाहतीत, पाच मराठी घरं आहेत. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आम्ही गॅरेजचं दार वर करतो, घडीच्या खुर्च्या टाकतो आणि प्रत्येकजण एक यादी लिहितो. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, कोण जिंकणार हे सगळं जगच सांगत असतं. आम्ही कोण घरी बसणार ते लिहितो. बत्तीस संघांपैकी चौदा प्लेऑफला जातात, म्हणजे अठरा नावं. पूर्वी वीस लिहावी लागायची. २०२० पासून प्लेऑफच्या जागा बारावरून चौदा झाल्या आणि आमचं काम दोन नावांनी हलकं झालं. ज्याची सगळ्यात कमी नावं बरोबर येतील त्याने सुपर बोलच्या रविवारी सगळ्यांना मिसळ करून घालायची. फेब्रुवारीत बाहेर सगळं गोठलेलं आणि आत मटकीच्या रश्श्यावर लाल तर्री, खिडक्यांवर धरलेली वाफ, ओल्या जाकिटांचा वास. त्या वासासाठी मी वर्षभर थांबतो.

कोण गळणार हे लिहिणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे आणि वाटतं त्यापेक्षा अवघडही. सोपं अशासाठी की डोळे मिटून बत्तीस चिठ्ठ्यांतल्या अठरा उचलल्या तरी सरासरी दहा बरोबर येतात. जो बारा-तेरा आणतो तो हुशार ठरतो, म्हणजे हुशारीच्या वाट्याला दोन-तीन नावंच. अवघड अशासाठी की हा खेळच मुळी कुणाला वर टिकू न देण्यासाठी बांधलेला आहे. तळाला राहिलेल्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेताना, पहिली निवड, पगारावर सगळ्यांना एकच कमाल मर्यादा. वेळापत्रकातसुद्धा तीन सामने असे, की तुम्ही आपल्या गटात पहिले आलात तर ते दुसऱ्या गटांतल्या पहिल्यांशीच खेळायचे. १९९० पासून दरवर्षी आदल्या वर्षी घरी बसलेले किमान चार संघ प्लेऑफमध्ये आलेले आहेत. म्हणजे आदल्या वर्षी आत असलेल्यांपैकी काहीजण बाहेर जाणार हे नक्की असतं. कोण, एवढंच शोधायचं असतं.

ते शोधायची माझी एक पद्धत आहे, आणि ती मी गॅरेजमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की बायका आतून ओरडतात, "व्हायकिंग्ज सुरू झालं!" व्हायकिंग्ज म्हणजे मिनेसोटाचा संघ. २०२२ साली त्यांनी तेरा सामने जिंकले, चार हरले. कागदावर जबरदस्त वर्ष. पण सतरा सामन्यांत त्यांनी केलेले गुण ४२४ आणि दिलेले ४२७. तेरा विजय मिळवलेल्या संघाने दिलेल्या मारापेक्षा खाल्लेला मार जास्त! झालं असं की आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेले अकरा सामने ते खेळले आणि अकराच्या अकरा जिंकले. त्यातला एक तर कोल्ट्सविरुद्धचा, मध्यंतराला ०-३३ ने मागे पडून जादा वेळेत ३९-३६ असा खेचलेला. एवढी मोठी पिछाडी त्याआधी कुणीच भरून काढलेली नव्हती. असे सामने कशावर फिरतात? एखाद्या हुकलेल्या किकवर, किंवा हातून सुटलेला चेंडू कुणाच्या अंगावर पडतो त्यावर. या खेळाचा चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे निमुळता. जमिनीवर आपटला की कुठे उडेल याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. एक वर्ष तो तुमच्याकडे उडतो, पुढच्या वर्षीही उडेल असं नाही. २०२३ मध्ये मिनेसोटा ७-१० वर, म्हणजे सात विजय आणि दहा पराभवांवर, थांबलं. त्यात त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, टाचेमागचा स्नायुबंध ऑक्टोबरमध्ये ग्रीन बेला तुटला, हेही खरं. पण ऑगस्टमध्येच मी त्यांचं नाव लिहिलं होतं आणि त्या वर्षीची मिसळ दुसऱ्या कुणीतरी केली.

या पद्धतीवर माझा विश्वास आहे. गुणांचा फरक बघायचा आणि थोडक्यात सुटलेल्या सामन्यांचं श्रेय कमी धरायचं. आणि तरीही गेल्या ऑगस्टमध्ये मी ती दोनदा मोडली, दोन उलट्या दिशांनी.

कॅन्सस सिटी. २०२४ ला १५-२, आणि थोडक्यात सुटलेले सामने अकरापैकी अकरा, अगदी मिनेसोटासारखे. गुणांचा फरक सतरा सामन्यांत फक्त ५९. माझ्याच नियमाने तिथे लाल शाईने खूण करायला हवी होती. पण दहा वर्षं सलग प्लेऑफला गेलेला संघ, त्यात महोम्ससारखा क्वार्टरबॅक. पाच घरांतल्या पाच याद्यांत कॅन्सस सिटीचं नाव नव्हतं. ते ६-११ वर संपले. डिसेंबरच्या ज्या रविवारी ते बाहेर पडले त्याच सामन्यात महोम्सचा गुडघा गेला, आणि त्याला आधार देऊन नेताना बघून आमच्या बेसमेंटमध्ये कुणी बोललं नाही. मोठ्यांचं वाईट लिहायला हात धजत नाही, तेव्हा आकडे कितीही बोलोत. न्यू इंग्लंडचं उलट. आदल्या वर्षी ४-१३, म्हणून आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून त्यांना अठरात टाकलं आणि या फेब्रुवारीत मिसळीचे वाडगे मांडीवर घेऊन त्यांना सुपर बोल खेळताना पाहिलं.

आणि दुसरा, आमचा स्वतःचा संघ. डेट्रॉईट लायन्स. २०२४ ला त्यांनी ५६४ गुण केले, ३४२ दिले. फरक २२२ चा, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात मोठा. जानेवारीत वॉशिंग्टनने घरच्या मैदानावर ४५-३१ असं हरवलं ते दुखलं, पण एका सामन्यावरून पुढचं वर्ष ठरत नाही. माझ्या पद्धतीप्रमाणे पुढच्या सीझनला प्लेऑफ जवळजवळ नक्की धरायला हवी असे जे संघ होते, त्यात लायन्स सगळ्यात वर. मी सतरा नावं लिहिली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि अठरावं नाव लायन्सचं लिहिलं.

शेजारचा मुलगा माझ्या खांद्यावरून वाचत होता. "काका, तू आपल्याला टाकलं?"

मी त्याला कारणं सांगितली. बोट मोडून मोडून सांगितली. आक्रमण चालवणारा प्रशिक्षक बेन जॉन्सन शिकागोला हेडकोच म्हणून गेला, बचाव चालवणारा ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सना गेला. मधोमध उभा राहून चेंडू देणारा फ्रँक रॅग्नो जूनमध्ये निवृत्त झाला आणि त्याच्यावाचून अख्खी भिंत डगमगते. गटात पहिले आलो म्हणून कॅन्सस सिटी, रॅम्स आणि टँपा वाट्याला आले. प्रत्येक गोष्ट खरी होती. मुलगा मान हलवत होता, शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं ऐकत होता. आणि मी बोलत असतानाच मला कळत होतं की यातल्या एकाही कारणासाठी मी ते नाव लिहिलेलं नाही.

खरं कारण सांगायला मला २००८ मध्ये जावं लागेल. त्या ऑगस्टमध्ये मी पुण्याहून इथे आलो, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. सप्टेंबरपासून लायन्स हरायला लागले आणि थांबलेच नाहीत. सोळापैकी सोळा. शेवटचा २८ डिसेंबरला ग्रीन बेमध्ये, ३१-२१. तोपर्यंत एका सीझनमध्ये सोळाच्या सोळा कुणी हरलेलं नव्हतं. आणि त्याच महिन्यांत ऑफिसात "यादी" हा शब्द कुजबुजीत फिरायला लागला होता. कॉफी मशीनपाशी, पार्किंगमध्ये, बाथरूममध्ये हात धुताना लोक अंदाज करायचे. कोण जाईल, कोण राहील. कुणाचा प्रोजेक्ट संपला आहे, कोण गेल्या वर्षीच आलाय. नकळत मीही मनात नावं मांडायचो. मान खाली घालून काम करायचो आणि आतल्या आत एकेकाला बाहेर काढायचो. त्यात सगळ्यात आधी माझं स्वतःचं नाव घालायचो. असं केलं की रात्री थोडी झोप लागायची, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक साठीचे गृहस्थ बसायचे. जन्म डेट्रॉईटचा, वडील कारखान्यात, आजोबाही कारखान्यात. दर सोमवारी सकाळी ते निळी लोकरी टोपी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे आणि मला आदल्या दिवशीचा सामना समजावून सांगायचे, हरलेला असूनही, जणू काही त्यात शिकण्यासारखं खूप होतं. फुटबॉल मी त्यांच्याकडून शिकलो. थर्ड डाऊन म्हणजे काय, क्वार्टरबॅक मागे सरकतो तेव्हा डावीकडच्या माणसाकडे का बघायचं. १९५७ साली लायन्स जिंकले तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघायला गेले होते, ते सांगताना त्यांचा हात आपोआप खांद्याकडे जायचा. त्यांचं नाव मी मनातल्या यादीत कधी घातलं नव्हतं. तीस वर्षं काम केलेला माणूस, त्याला कोण हात लावणार? जानेवारीत यादी आली. त्यात ते होते, मी नव्हतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांनी फोटो, मग, कॅलेंडर भरलं आणि जाताना टोपी माझ्या टेबलावर ठेवली. "नेक्स्ट इयर," एवढंच म्हणाले. लायन्सबद्दल बोलत होते की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

ती टोपी आहे माझ्याकडे. लोकर आतून विरलीय, वास केव्हाच गेलाय. १४ जानेवारी २०२४ च्या रात्री लायन्सनी रॅम्सना २४-२३ हरवलं, बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. टीव्हीत अख्खं स्टेडियम आमच्या क्वार्टरबॅकच्या, जॅरेड गॉफच्या नावाने ओरडत होतं आणि मी ती टोपी घालून, भर घरात, सोफ्यावर बसून रडत होतो. बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला नाही, याबद्दल मी तिचा अजून ऋणी आहे.

तर अठरावं नाव तिथून आलेलं आहे. पोरं बाहेर निघाली की आई गालाला तीट लावायची. माझी तीट म्हणजे ते नाव. जे खूप हवं आहे ते होणार नाही असं आधीच म्हणून ठेवायचं, म्हणजे झालं तर आनंद आणि नाही झालं तर आपल्याला ठाऊकच होतं. आईलाही हीच सवय. निकालाच्या आदल्या दिवशी ती शेजारणींना सांगायची, "यंदा काही खरं नाही हो." आणि देवापाशी पेढ्यांचे पैसे ठेवलेले असायचे.

आणि वडिलांचं टिंब.

वडील मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि दहावीला मी त्यांच्याच वर्गात होतो. दिवाळीनंतर ते कॅटलॉग घरी आणायचे आणि काही हजेरी क्रमांकांच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने बारीक टिंब देत. इतकं बारीक की पान उजेडात तिरपं धरलं तरच दिसावं. ही नापास होऊ शकतील अशी मुलं. त्यांना ते संध्याकाळी घरी बोलवायचे, ओसरीवर सतरंजी पसरून भूमितीची प्रमेयं घोटून घ्यायचे. मला हे माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता. एका संध्याकाळी ते मोरीवर हातपाय धूत होते, कॅटलॉग टेबलावर उघडा होता, आणि मी पाहिलं, तेवीस नंबरपुढे टिंब आहे. तेवीस नंबर माझा. सहामाहीला मला गणितात दीडशेपैकी एकशे अडतीस होते.

मी काही बोललो नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला जेवढा राग येऊ शकतो तेवढा आला. ओसरीवर मुलं बसली की मी आत जाऊन दार लावून घ्यायचो. निकालाच्या दिवशी त्यांनी माझी गुणपत्रिका हातात घेऊन तीनदा वाचली आणि मला वाटलं, बघा आता, तुमचा अंदाज चुकला. किती वर्षं मी ते टिंब अविश्वास म्हणून बाळगलं. त्यांना मी कमी वाटलो, असं. इथे येऊन, अठराव्या ओळीवर पेन टेकवलं तेव्हा माझ्या स्वतःच्या बोटांना ते टिंब कळलं. पस्तीस टक्क्यांवर अडलेल्या मुलांची काळजी आकड्यांवरून करता येते. घरातल्याची काळजी करायला आकडे लागत नाहीत, आणि आकड्यांनी ती जातही नाही.

जानेवारीत फोनवर मी विचारलंच. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "बाबा, कॅटलॉगमध्ये माझ्या नंबरापुढे टिंब का दिलं होतं तुम्ही?"

"कसलं टिंब रे?"

मी आठवण करून दिली. कॅटलॉग, पेन्सिल, ओसरी. ओसरीवरची मुलं त्यांना नावानिशी आठवत होती, कुणाचं किराणा दुकान आहे, कोण बेळगावला असतो. माझं टिंब आठवेना. "तुझ्यापुढे कशाला देईन? तुला काय धाड भरली होती?" असं म्हणून ते हसले आणि मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "नोकरी ठीक आहे ना तुझी?"

गेल्या आठवड्यात नव्या सीझनचं वेळापत्रक हातात आलं. शनिवारी दुपारी मी गॅरेजमध्ये गवताच्या मशीनचं पातं साफ करत बसलो होतो. अंगणभर पिवळी डँडेलियन, कुणीतरी नुकतंच कापलेलं ओलं गवत, पेट्रोलचा वास. शेजारचा मुलगा सायकल टाकून आत आला. आता दहाचा होईल. फ्रिजवरचं जुनं पान अजून तिथेच होतं, कडा गुंडाळलेल्या. त्याने ते वाचलं, शेवटपर्यंत.

"काका, या वर्षी कोण मिस होणार?"

मी पातं खाली ठेवलं. ख्रिसमसपासून जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणालो. "मला माहीत नव्हतं रे. त्या रात्री तू म्हणालास ना, माहीत होतं म्हणून. नव्हतं."

"पण तू सगळे रीझन्स सांगितले."

"ते नंतर शोधले. मला भीती वाटत होती म्हणून नाव लिहिलं. आकडे तर सांगत होते की आपण जाणार."

तो गॅरेजच्या उंबऱ्यावर बसला. बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे आपल्याला चान्स होता?"

"खूप होता."

त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. सगळं आधीच ठरलेलं होतं असं समजून त्याने ते दुःख कुठेतरी नीट ठेवून दिलं असणार, आणि मी ते पुन्हा बाहेर काढून त्याच्या हातात दिलं होतं. त्याने खालचा ओठ चावला. मी टेबलावरचं पिवळं पॅड त्याच्याकडे सरकवलं. त्याने एक ते अठरा आकडे घातले आणि लिहायला लागला. पहिलं जेट्स. पंधरा वर्षं झाली त्यांना प्लेऑफ बघून, सध्याचा सगळ्यात लांब दुष्काळ. त्यांचं नाव प्रत्येकाच्या यादीत पहिलं असतं आणि ते लिहिताना मला न्यू जर्सीतला माझा मित्र आठवतो. ११ सप्टेंबर २०२३ ला तो मुलीला घेऊन स्टेडियममध्ये होता. जेट्सचा नवा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स झेंडा घेऊन धावत आला आणि चौथ्याच खेळीला टाचेमागचा स्नायुबंध तुटून बसला. "तिने मला विचारलं, बाबा, आता घरी जायचं का?" एवढंच त्याने मला सांगितलं होतं. त्या रात्री जेट्स जिंकले, तरी.

मुलगा लिहीत होता. नावं गिचमिड, काहींची स्पेलिंगं चुकलेली, पण हात थांबत नव्हता. सतरापर्यंत आला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी पातं उचलून पुसायला लागलो, मला काही सुचवायचं नव्हतं.

पेनाचं टोक अठराव्या ओळीवर टेकवून तो विचार करत राहिला. पलीकडून त्याच्या आईने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने पेन उचललं. तिथे निळ्या शाईचं टिंब उमटलं होतं, कागदात पसरलेलं. त्याने पान फाडलं, जुन्या पानावर चुंबकाने लावलं आणि सायकल तिथेच टाकून घरी पळाला.